मिठाची सुरमई आणि तांब्याची कॉईल

दोन्ही थर्मामीटर चढत होते. चढायला हवा होता एकच.

मी स्विच बंद केला. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "साळवी, पुन्हा लावा." पुन्हा लावलं. पुन्हा तेच. दिवस सोमवार. गुरुवारी ह्याच कॉईलमध्ये भिकाजी तांडेलची मांडी जाणार होती.

सगळं नीट सांगतो. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात मी फिजिक्सच्या लॅबचा मेकॅनिक होतो. गावातल्या एका खाजगी दवाखान्याचे सर्जन दुपारी लॅबमध्ये यायचे. प्राचार्यांची परवानगी होती, कौतुक मात्र नव्हतं. डॉक्टरांना परदेशी जर्नल वाचायचा नाद. त्यात त्यांनी वाचलं होतं की लोखंडाची अतिशय बारीक पूड पाण्यात कालवून कॅन्सरच्या गाठीत टोचायची आणि तो भाग तांब्याच्या कॉईलमध्ये ठेवायचा. कॉईलमधली वीज सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलते, तसं तिचं चुंबकत्वही उलटसुलट होतं आणि त्यात लोखंडाचे कण तापतात. गाठ बेचाळीस-त्रेचाळीस अंशांवर धरून ठेवली की तिच्या पेशी खचतात. आजूबाजूचं चांगलं मांस थंडच राहतं. आता ह्या कणांना नॅनो म्हणतात. तेव्हा तो शब्द आमच्यापर्यंत पोचलेला नव्हता, आम्ही नुसतं 'काळं पाणी' म्हणायचो.

काळं पाणी आम्हीच केलं. लोखंडाचे दोन क्षार पाण्यात विरघळवून त्यात अमोनिया ओतला की शाईसारखं काळं होतं. बाटलीला लोहचुंबक लावलं की सगळं काळं त्या बाजूला धावतं. कॉईल मी बनवली, पोकळ तांब्याच्या नळीची, आतून पाणी खेळवलेली. तिला वीज द्यायला जुन्या रेडिओ ट्रान्समीटरचे काचेचे व्हॉल्व्ह मिळवले. खोटं कशाला बोलू, मला त्या कॉईलचा फार गर्व होता.

भिकाजी नाटे गावचा. होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य माणूस. मांडीत नारळाएवढी गाठ. सगळ्या डॉक्टरांनी एकच सांगितलं, पाय काढा. तो ऐकेना. "पाय गेला तं होडीवर उबा कसा ऱ्हानार मी? त्यापरीस मेलेला बरा." मुंबईला जायलाही तयार नाही. आमच्या डॉक्टरांकडे मात्र येऊन पडला होता, कारण इथे कापाकापीशिवाय काहीतरी चाललंय असं त्याच्या कानावर गेलं होतं.

आमचे प्रयोग चालायचे माशावर. मिरकरवाड्याच्या बंदरावरून सुरमईचा जाड तुकडा आणायचा, मधोमध काळं पाणी टोचायचं. एक थर्मामीटर तिथे, दुसरा कडेला. पाऱ्याचे नाहीत, लाल स्पिरिटचे, कारण पारा त्या कॉईलमध्ये स्वतःच तापतो. आठवडाभर मधला चढत होता, कडेचा जागचा हलत नव्हता. डॉक्टर खूश, मी तर हवेतच. आणि सोमवारी हे असं.

मंगळवारची सकाळ मी कॉईल तपासण्यात घालवली. व्हॉल्व्ह बदलले, सांधे पुन्हा डागले. दोष सापडेना. दुपारी भिकाजीची बायको सुलोचना आपली पिशवी न्यायला आली. डॉक्टरांना रोज मासा लागतो म्हणून सोमवारचा तुकडा तिनेच नाट्याहून आणला होता.

"कसा व्हता मासा?" तिने विचारलं.

"मासा झकास. आमचंच नशीब फुटकं."

"मीठ लावलं व्हतं वायच. यष्टीतनं येस्तवर नासला असता नाय?"

माझ्या हातातला पाना तसाच राहिला. मिठाच्या पाण्यातून वीज वाहते. कॉईल त्यातही वीज फिरवते आणि ते तापतं, लोखंड असो वा नसो. मग आमच्या आधीच्या तुकड्यांत काय होतं? त्यांत मीठ उरलंच नव्हतं. लॅबला वास येतो म्हणून प्राचार्य कुरकुरायचे, म्हणून मी सकाळचा तुकडा दुपारपर्यंत बादलीत भिजवायचो, तीन-तीनदा पाणी बदलून. स्वच्छतेच्या नादात मीच सगळं मीठ धुऊन काढत होतो. सोमवारचा तुकडा दुपारीच हातात पडला, म्हणून तेवढा भिजवायचा राहिला होता. आणि माणसाचं अंग तर खारटच. घाम चाटून बघा.

मी डॉक्टरांकडे धावत गेलो आणि चूक सांगितली. मला वाटलं, आता हे फाडून खातील. त्यांनी कपाटातून सलाइनच्या बाटल्या काढल्या. "रक्ताइतकंच मीठ असतं ह्यात. मांडीएवढी बरणी आहे का तुमच्याकडे?"

प्लास्टिकची बरणी भरली, कॉईलमध्ये ठेवली. लोखंडाचा कणही नाही. मधला थर्मामीटर शांत, कडेचा सरसर वर, कारण खाऱ्या पाण्यात अशी वीज कडेकडेनेच जास्त फिरते. म्हणजे गाठ तापायच्या आधी भिकाजीची चामडी भाजली असती.

"कॉईलचा जोर कमी करू," मी म्हणालो.

"मग गाठ तापणार नाही." डॉक्टरांनी वही मिटली. "चला, त्याला सांगू."

दुसरा कोणी असता तर यंत्र बिघडलंय म्हणून वेळ मारून नेली असती. हे खाटेवर भिकाजीच्या शेजारी बसले.

"भिकाजी, गुरुवारी करायचं नाही. माझा अंदाज चुकला. तुमची चामडी भाजली असती आणि गाठ तशीच राहिली असती."

"मंग दुरुस्त करा. मी थांबतो."

"करीन. पण वर्षं लागतील, आणि तुमची गाठ तेवढी थांबणार नाही. पाय काढावा लागेल. मुंबईला माझ्यापेक्षा चांगले हात आहेत. मी स्वतः तुमच्याबरोबर येतो."

सुलोचना पदर तोंडाला लावून उभी.

"आजवर सगले सांगत व्हते, कापा," भिकाजी म्हणाला. "माजं चुकलं, असा कोन डॉक्टर बोलला नाय. तुमी बोललात. मंग आता तुमी कापा म्हनताव तं कापूया."

डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आठवडाभर मुंबईत राहिले. पाय गेला, माणूस वाचला. होडीचं सुकाणू बसूनही धरता येतं हे भिकाजीने पुढच्याच हंगामात नाट्याला दाखवून दिलं.

कॉईलवर आम्ही पुढेही खपलो. जमलं नाही. परदेशात आता हे उपचार माणसांवर करतात असं वाचतो, आणि तिथेही चांगलं अंग तापू नये म्हणून कॉईलचा जोर आवरावाच लागतो. वाचलं की डॉक्टरांची आठवण येते.

काही वर्षांनी भिकाजी कुबड्या टेकत लॅबमध्ये आला होता. कॉईलभोवती एक फेरी मारली.

"हीच ती?"

"हीच."

"आता जमतं काय?"

"नाही."

उरलेल्या पायावर थाप मारून तो म्हणाला, "मंग ह्याला बाहेरच ठेवतो."

यंत्र चालू करायला मी लॅबमध्ये शिकलो होतो. कधी चालू करायचं नाही, ते मात्र डॉक्टरांनी शिकवलं.