मालकाच्या गाडीची फळी

सौंसरच्या बस स्टँडला लागून माझ्या सासऱ्यांची टपरी होती. ते टांग्याच्या गाद्या आणि घोड्यांची खोगिरं शिवत. टपरीपुढं पोतं टाकून बसत आणि उजव्या हातातली आरी चामड्यातून अशी काढत की बघणारा बस चुकवायचा.

गावच्या मालकाकडं दोघंच बसतील अशी उघडी स्पोर्ट गाडी होती. इंग्रज गेले तेव्हा नागपूरच्या एका साहेबाकडून त्यानं ती घेतली होती. मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, कायद्यानं गेली, तरी लोक त्याला मालकच म्हणत. एका दुपारी त्यानं न बघता गाडी मागं घेतली आणि चाक सासऱ्यांच्या उजव्या हातावरून गेलं. तो खाली उतरलाही नाही.

"रस्त्यात कायले बसतो रे म्हाताऱ्या?" एवढं बोलून निघून गेला.

सगळं स्टँड बघत होतं. कोणी तोंड उघडलं नाही. हाड वाकडं जुळलं, बोटं मिटेनात. त्या दिवसापासून सासरे टपरीत खाटेवर पडून राहिले आणि आरी मी धरली. ते बोलत कमी. मी मनात एकच धरलं होतं, या माणसाला स्टँडवर सगळ्यांदेखत खाली बसवायचा.

दोन-तीन वर्षं गेली. नागपूर मुंबई राज्यात जाणार, आम्ही मध्य प्रदेशातच राहणार, अशी ज्या उन्हाळ्यात ओरड चालली होती, त्या उन्हाळ्यात मालकाच्या गाडीचा मिस्त्री एक फळी घेऊन आला. गाडीतली समोरची फळी, जिच्यात काट्यांची घड्याळं बसवतात. मालक तिला डॅशबोर्ड म्हणे. वरचं चामडं उन्हानं वाळून संत्र्याच्या सालीसारखं वळलं होतं.

जुनं चामडं मी सोललं. नवं भिजवलं, नवऱ्यानं ओढून धरलं, मी बारीक खिळे मारले. असं चामडं सावलीत आपल्या गतीनं वाळावं लागतं. ओलं असताना ऊन लागलं तर ते आकसतं आणि खिळे उपटतं. आमच्या टपरीतून कुठलाही माल "सावलीत ठेवा" म्हटल्याशिवाय जात नसे. सासऱ्यांचा तसा दंडकच होता.

दुसऱ्याच दिवशी सकाळी मालक स्वतः आला. नागपूरला कसली सभा होती, त्याला घाई होती.

"मालक, हे अजून वल्लं हाये, सावलीत..." नवरा म्हणाला.

मी त्याला मधेच तोडलं. "मालकाले उशीर होऊन राहिला, तुम्ही कायले अडवता?"

"बायको शहाणी आहे तुझी," मालक म्हणाला. मिस्त्रीनं फळी तिथंच गाडीत बसवली आणि गाडी बोरगावच्या रस्त्यानं धूळ उडवत गेली.

नवरा माझ्याकडं वळला. "जाणूनच केलं ना तू?"

"हो."

"तो आपल्याले इथून उठवीन."

"उठवू द्या. आधी त्याचं चामडं उठू द्या."

मालक परत येणार हे मला ठाऊक होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी नवऱ्याला मी माल देऊन पांढुर्ण्याला धाडलं. दुपारी छिंदवाड्याची बस लागलेली असताना मालक फळी काखेत घेऊन आला. चामडं चारी बाजूंनी सुटलं होतं, एका घड्याळाची काच तडकली होती.

"हे चामडं आहे का पापड?" तो ओरडला.

"वल्लं उन्हात नेलं तुम्ही."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही कोणाचं ऐकता म्हणून सांगावं?"

त्याला दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर होणाऱ्या व्याह्याला याच गाडीतून आणायचं होतं. चामडं सुटलेली फळी व्याह्याला दाखवायची नव्हती. आतून सासरे म्हणाले, "पुन्हा भिजवलं तर बसते. पण वढाले दुसरा माणूस पायजे."

"खिळे मी मारते," मी म्हणाले. "नवरा पांढुर्ण्याले गेला. दुसऱ्या वढणाऱ्याचा हात तुमच्या चाकाखाली गेला, मालक."

त्यानं इकडं तिकडं बघितलं. दोघातिघांना हाक मारली. हमाल विडी ओढत राहिला, पानवाला पानाला चुना लावत राहिला. तेव्हा गप्प बसलेलं स्टँड आताही गप्प बसलं, पण या वेळी माझ्या बाजूनं.

मालक पोत्यावर बसला. पांढऱ्या पॅन्टमध्ये, मांडी घालून, ओलं चामडं दोन्ही हातांनी धरून.

"वढा," सासरे खाटेवरून म्हणाले. "आणखी वढा. ढिलं कायले सोडता?"

हात गेल्यापासून त्यांचा आवाज इतका मोठा झाला नव्हता. बसच्या खिडक्यांतून माणसं वाकून बघू लागली. कंडक्टर ओरडला, "मालक, टांग्याची गादीबी शिकून घ्या लगे हात!" सगळे हसले.

माझ्या हातात हातोडी होती आणि त्याचा अंगठा खिळ्याशेजारी होता. चुकला असता नेम तर कोणाला नवल वाटलं नसतं. मी अंगठ्याला हात लावला नाही. बोट चेचलं असतं तर तो ओरडून लगेच घरी गेला असता. मला तो तिथं बसलेला हवा होता, शेवटच्या खिळ्यापर्यंत. खिळे मी सावकाश मारले.

उठताना त्याच्या गुडघ्यांवर धूळ होती. सासऱ्यांकडं त्यानं बघितलं नाही, हाताचं तर नावच काढलं नाही.

"सावलीत ठेवा," मी सांगितलं.

माझं तेवढ्यानं भागलं नाही. पुढं तो मेला, तेव्हा तिरडी स्टँडवरून जाताना सगळ्यांनी दुकानं बंद केली. मी टपरी उघडी ठेवली आणि आरी चालवत बसले.