शाळेच्या दाखल्यातली रेघ

“ही मांगेली? वाटत नाही हो,” कारकून शेजारच्या टेबलाकडे वळून हळूच म्हणाला. मला ऐकू गेलं.

पालघरच्या एका कचेरीत मी आत्याबरोबर उभी होते. तारापूरच्या नव्या प्रकल्पावर मला टायपिस्टची जागा मिळत होती आणि ओळखपत्रासाठी जातीचा दाखला हवा होता. माझ्या शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात नुसती रेघ होती. मुंबईच्या इंग्रजी शाळेत घालताना वडिलांनीच ती मारून घेतली होती. आम्ही मांगेला, समुद्रावर मासेमारी करणारे; पोरीला कुणी मासळीवाली म्हणून हिणवू नये, एवढाच हेतू. आता ते नव्हते.

त्या रेघेआड मी अकरा वर्षं राहिले. गावची सुटी संपली की आत्या सुकटीची पुडी बांधून द्यायची. मी ती गाडीच्या बाकाखाली ठेवून उतरायचे. दातिवऱ्याला, आमच्या गावी, गेले की ओट्यावर मासळी निवडणाऱ्या बायका बोलणं आवरायच्या आणि मला बसायला पाट द्यायच्या. त्या स्वतः जमिनीवरच बसलेल्या असायच्या.

साक्षीला आत्या आली होती. हाताला मासळीचा वास राहू नये म्हणून तिनं सकाळी चिंचेनं हात घासले होते. कारकुनानं विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, भावाची पोर हाय. अंगठ्यासाठी हातही पुढं केला.

पण कारकून माझ्याकडे बघत मवाळपणे म्हणाला की नुसतं हिंदू लिहितो, मोठ्या ऑफिसात तेच बरं पडतं. तो वाईट माणूस नव्हता. त्याला माझं भलंच करायचं होतं.

“लिवा सायेब,” आत्या हसून म्हणाली. “ती आता आमच्यात कुठं रायली?” आवाजात अभिमान होता. शाईसाठी पुढं केलेला अंगठा मात्र तिनं हळूच पदराखाली घेतला.

कारकुनानं टाक दौतीत बुडवला. मी गप्प राहिले असते तर पाच मिनिटांत सगळं आटोपलं असतं. गप्प राहणं मला चांगलं जमायचं.

मी आत्याचा हात पदरातून काढून टेबलावर ठेवला. त्याला अजून चिंचेचा वास होता.

“मांगेला लिवा,” मी म्हणाले. “मी दातिवऱ्याची हाय. आत्याचा अंगठा घ्या.”