नवा पंप, जुना होज

“बदलायचा की नाही, हे मालकावर असतं.”

दुष्काळाच्या वर्षी माझ्या गॅरेजसमोर, सात-आठ माणसांच्या देखत, मी हे वाक्य बोललो. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. तरी सगळं मिळून ते खोटं होतं, आणि पन्नास वर्षं ते एका चांगल्या माणसाला चिकटून राहिलं. ते आता नाहीत. मी आहे, म्हणून लिहितो.

श्रीगोंद्यात एस.टी. स्टँडजवळ माझं पत्र्याचं गॅरेज होतं. मी तिशीचा, ते माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठे. मी त्यांना भाऊ म्हणायचो, ते मला मिस्त्री. त्यांची भाड्याची एक काळी मोटार होती. लग्न, दवाखाना, तारखेला कोर्ट, अशा कामांना लोक ती न्यायचे. तिचा वॉटर पंप, म्हणजे रेडिएटरचं पाणी इंजिनात फिरवणारा पंप, कित्येक महिने थेंबथेंब गळत होता. भाऊ मागच्या सीटखाली पाण्याचा पत्र्याचा डबा ठेवायचे आणि दर दहा-बारा मैलांवर रेडिएटरमध्ये पाणी घालायचे. पण त्या वर्षी गावात टँकरचं पाणी. गाडीला पाजायचं पाणी घरच्या माठातून जायला लागलं, तेव्हा ते पंप बदलायला आले.

माझे उस्ताद नगरचे. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या होत्या. काढलेला प्रत्येक जुना भाग गोणपाटावर मांडायचा आणि मालकाच्या हाती परत द्यायचा, म्हणजे त्याच्या मनात शंका राहत नाही. आणि जे गेलंय तेवढंच बदलायचं. धडधाकट भाग बदलणारा मिस्त्री त्यांच्या लेखी चोर होता. मला या दुसऱ्या गोष्टीचा फार अभिमान होता.

पंप बसला. मी बादलीभर पाणी रेडिएटरमध्ये ओतलं, झाकण लावलं, इंजिन चालू केलं. खाली एक थेंब नाही. तेवढ्यात भाऊ स्टँडकडून आले. त्यांच्या हातात नवा कोरा होज होता, रेडिएटरच्या खालच्या बाजूचा रबरी पाईप. नगरला जाणाऱ्या कुणाकडून तरी त्यांनी मागवून घेतला होता.

“मिस्त्री, आत्ताच बदलून टाका. पंप नवा घातलाय, ह्यो पाईप गाडीइतकाच म्हातारा हाय.”

“आधी सांगायचं ना भाऊ. आता पाणी भरलंय. सगळं सोडावं लागेल.”

“सोडा की. घमेल्यात धरू, पुन्हा वतू.”

मी खाली वाकलो, जुना होज चिमटीत दाबून पाहिला. वरून बरा लागला.

“दोन वर्षं बघायला नको याला,” मी म्हणालो.

भाऊ हसले. “वैनीची नाडी बी अशीच बघता काय?”

“मग! तिला अजून एकदाबी दवाखाना दाखवावा लागला नाही.”

पलीकडे चहा पीत उभे असलेले दोघे-तिघे खो-खो हसले. विषय तिथंच मिटला. भाऊंनी नवा होज डिकीत टाकला. निघताना मी आणखी शहाणपणा केला.

“आणि तो पाण्याचा डबा आता घरी ठेवा. पोराबाळांना प्यायला होईल.”

त्यांनी डबा घरी ठेवला.

पुढं कितीतरी वर्षं मी स्वतःला सांगत आलो की पाणी सांडू नये म्हणून मी होज बदलला नाही. दुष्काळाच्या वर्षी हे कुणालाही पटतं. पण खरं कारण वेगळं होतं. घमेल्यात मी दुसऱ्या गाडीचे भाग रॉकेलमध्ये भिजत घातले होते. ते काढायचे, घमेलं धुवायचं, गंजलेल्या क्लिपांशी झटायचं. मला कंटाळा आला होता. बाकी काही नाही.

आणि एक गोष्ट मला कळायला हवी होती. पंप गळत होता तोवर रेडिएटरमधला दाब त्या गळतीतून निघून जात होता. पंप पक्का केल्यावर तो सगळा दाब जुन्या रबरावर आला. वरून बरा दिसणारा होज आतून भेगाळलेला असतो, हे मला माहीत होतं. चिमटीत धरून ते कळत नाही, हेही माहीत होतं.

चौथ्या दिवशी भाऊंनी जवळच्या वस्तीवरची एक अडलेली बाई नगरच्या दवाखान्यात न्यायला घेतली. सोबत तिची सासू आणि नवरा. मूल आडवं आलं होतं. भर दुपारी, चढावर, होज फुटला.

दुसऱ्या दिवशी मी गाडी आणायला गेलो. रस्त्यावर दुष्काळी काम चालू होतं, बाया खडी फोडत होत्या. त्यांतल्या एका म्हातारीनं मला सगळं सांगितलं.

“पानी मागाया त्याची जीभ उचलंना. टँकर आलाच न्हवता, त्याला दिसत हुतं. आमीच कळशीतलं व्हतं न्हवतं ते दिलं. हात भाजले त्याचे, पर डिकीतला नवा पाईप बसवला त्यानं. गाडी जरा म्होरं गेली अन् पुन्ना बंद.”

कळश्यांच्या तळाचं पाणी रेडिएटरला पुरणारं नव्हतं. इंजिन तापून जाम झालं होतं.

“मग?”

“मग काय, खडीच्या ट्रकात घातली पोरीला. खडीवर गोधडी टाकून.” ती थांबली. “डायवर येडा झाल्यागत करत हुता. पाईप बसवताना एकच म्हनत हुता, ‘मी म्हन्लं हुतं, मी म्हन्लं हुतं.’ कुनाला म्हन्ला हुता, द्येवाला म्हाईत.”

मी गाडीला दोर बांधला.

बाई वाचली. मूल गेलं.

तीन दिवसांनी तिचा नवरा माझ्या गॅरेजवर आला. बरोबर वस्तीवरची माणसं होती. भाऊ आधीपासून तिथंच होते, दोन्ही हातांना फडकी गुंडाळलेली. नवरा मला म्हणाला, “मिस्त्री, डिकीत नवा पाईप ठिवून ह्यो मानूस जुन्यावर गाडी हाकत हुता. खरं का न्हाई?”

भाऊ म्हणाले, “मिस्त्री, तुमीच सांगा.”

त्यांच्या आवाजात भीती नव्हती. मी सांगेन अशी खात्री होती.

“होज जुना होता,” मी म्हणालो. “मी हात लावून बघितला होता. बदलायचा की नाही, हे मालकावर असतं.”

भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग ते मोटारीकडे गेले, फुटलेला होज बाहेर काढला आणि माझ्या गोणपाटावर आणून ठेवला. तो भाग मालकानं घरी न्यायचा असतो. ते तसेच निघून गेले.

त्यानंतर त्यांच्या मोटारीत कुणी बसेना. त्यांनी ती विकली, साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायला लागले. हंगामात माझ्या दारावरून दिवसातून तीनदा जायचे. दर खेपेला मान हलवून म्हणायचे, “रामराम, मिस्त्री.” त्यांनी एकदा तरी तोंड फिरवलं असतं तर मला बरं वाटलं असतं. ट्रॅक्टर अजून लांब असतानाच मला तो ऐकू यायचा आणि मी एखाद्या गाडीखाली शिरायचो. तिथंही तो रामराम यायचाच.

पुढं मी पंपाला हात लावला की दोन्ही होज, पट्टा, क्लिपा, सगळं बदलायचो. लोक म्हणायचे, फार काळजीचा मिस्त्री. घरात कुकर आला तेव्हा पहिल्या शिट्टीला मी ताटावरून उठलो होतो. बायकोला वाटलं, चटका बसला.

मागच्या वर्षी मी सुप्याला गेलो. भाऊंची मुलगी तिथं राहते, जावई कारखान्यात आहे. इतकी वर्षं फडक्यात जपलेला तो फुटका होज मी तिच्यापुढं ठेवला. रबर दगडासारखं झालंय. मी सगळं सांगितलं, घमेल्यासकट.

तिनं होज उलटून पाहिला. मग म्हणाली, “काका, बाबा तुम्हाला कधी वाईट बोलले नाहीत. कुणी काढलाच विषय तर एवढंच म्हणायचे, मी काय म्हणालो होतो ते मिस्त्रीला विचारा.”

“कुणी विचारलं नाही,” मी म्हणालो.

“आमच्याकडं लोक अजून बाबांचीच चूक सांगतात. मला सांगून काय उपयोग? लिहा.” होज तिनं माझ्याकडे सरकवला. “आणि हा तुमच्याकडेच ठेवा.”

तो या टेबलावर आहे.

कुणी विचारलं नाही, तरी सांगतो. भाऊ नवा होज हातात घेऊन माझ्यापुढं उभे होते आणि म्हणाले होते, “मिस्त्री, आत्ताच बदलून टाका.” नको म्हणणारा मी होतो.