पुसलेले काजवे

"ही हिरॉईन हवेत काय पकडतेय?" ग्रेगने विचारलं.

ग्रेग माझा बॉस. अ‍ॅशबर्नच्या आमच्या लॅबमध्ये आम्ही जुन्या फिल्म दुरुस्त करतो. ही फिल्म मूकपटांच्या काळातली, एका बाईने दिग्दर्शित केलेली. तिची एवढी एकच उरली आहे. त्यात हिरॉईन रात्री बागेत खुळ्यासारखी हवेत हात मारत होती. आमची साफ केलेली कॉपी पाहून ती दाखवणाऱ्या फेस्टिव्हलवाल्यांचा मेल आला होता: अभिनय हास्यास्पद आहे, शो कॅन्सल करू या का?

माझं डोकंच फिरलं. मूळ प्रिंट उजेडावर धरली आणि भिंगातून पाहिली. रात्रीचा सीन म्हणून ती निळी रंगवलेली होती, आणि त्या निळ्यावर पांढरे ठिपके. कुणीतरी सुईने रंग खरवडला होता, फ्रेममागून फ्रेम. ठिपके झुडपातून निघून हिरॉईनच्या ओंजळीत उतरत होते.

काजवे! दिग्दर्शक बाईने हाताने काजवे काढले होते आणि आम्ही ते पुसून टाकले होते. आमचं धूळ काढायचं सॉफ्टवेअर प्रत्येक फ्रेम मागच्या-पुढच्या फ्रेमशी ताडून बघतं. जो ठिपका जागा बदलतो, तो त्याच्या लेखी कचरा.

ते चालवतो अमेय, नागपूरचा.

"अमेय, आउटपुट डोळ्यांनी पाहिलंस का रे?"

"ताई, रिपोर्ट एकदम क्लीन होता यार."

"असणारच! सगळंच साफ केलंस ना!"

ग्रेगचं तिसरंच. "ठिपके परत आले तर क्लायंट म्हणेल, काम अर्धवट केलं."

मी कपाळावर हात मारून घेतला. "काजवे नसतील तर या फिल्मवर माझं नाव टाकू नकोस."

तो वैतागून "फाइन" म्हणाला. मग मी आणि अमेयने तो सीन मूळ स्कॅनवरून पुन्हा साफ केला. धूळ काढायची, काजवे ठेवायचे, तेही एकेक फ्रेम हाताने. डोळे फुटायची वेळ आली.

शो झाला. ओंजळ भरली तेव्हा थिएटरमध्ये कुणी हसलं नाही. शेजारची बाई डोळे पुसत होती. मला फार बरं वाटलं.

बाहेर फेस्टिव्हलचे डायरेक्टर ग्रेगचा हात सोडत नव्हते. "काजवे अप्रतिम! कुठल्या सॉफ्टवेअरने टाकलेत?"

"टीम चांगली आहे आमची," ग्रेग म्हणाला.

"सुईने काढलेत," मी मध्येच म्हटलं. "आणि आम्ही नाही, फिल्म काढणाऱ्या बाईने."

त्यांनी हसून मान डोलावली आणि ग्रेगकडे सॉफ्टवेअरचा डेमो मागितला.

तात्पर्य काय, बाईचं काम पुसायला एक बटण पुरतं. ते परत आणलं, की श्रेयही त्या बटणालाच मिळतं.