काकडीच्या मांडवातलं बिऱ्हाड

समजा, तुम्हाला एक काकडी तोडायची आहे. चांगली भरलेली, डोळ्यांसमोर लोंबतेय. तिच्यापासून वीतभर अंतरावर एका काटकीला तळहाताएवढं पोळं आहे आणि त्यावर माश्यांची अशी दाट गर्दी, की मेण कुठे दिसतच नाही. आता हात घाला. वेल हलवायचा नाही. श्वास माश्यांवर सोडायचा नाही. देठ ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. तीही दोरे कापायची बारकी कात्री, कारण कापडाच्या कात्रीने दुसरं काही कापलेलं आमच्या मामीला खपत नाही.

मामी हे काम रोज सकाळी करायची, आणि करताना माश्यांशी बोलायची. "सरका गं जरा. मापं घ्यायला नाही आले, काकडी न्यायला आलेय."

मामी बायकांचे कपडे शिवते. घराची पुढची खोली म्हणजे तिचं दुकान. खिडकीशी मशीन, मशीनखाली कातरणाची गोणी, भिंतीवर खिळ्यांना टांगलेले, अजून बाह्या न लागलेले कपडे. मग स्वयंपाकघर, आणि त्याच्या मागे परस. परस म्हणायचं एवढंच, दोन खाटा टाकल्या की संपतं. तिथे तिचा बांबूचा मांडव. बांबूंच्या गाठी मारल्यात कपड्यांच्या रंगीत काठांनी, त्यामुळे मांडव लांबून एखाद्या पाहुणीसारखा नटलेला दिसतो.

माश्या येण्याआधी दोन हंगाम त्या मांडवाला नुसती फुलं लागली. एक गिऱ्हाईक म्हणालं, नर फुलातले पराग ब्रशने मादी फुलावर लावायचे असतात. मामीकडे ब्रश होता, मशीनच्या दातऱ्यांतला कचरा काढायचा. तिने तो सगळ्या फुलांवरून मायेने फिरवला. ब्रशला मशीनचं तेल होतं. करंगळीएवढ्या काकड्या काळ्या पडून गळाल्या. मामा म्हणाला, "निदान गंजणार तरी नाहीत."

मग एका सकाळी माश्या आल्या. फुलोरी म्हणतात त्या, लहान, पोटावर पांढऱ्या पट्ट्यांच्या. बघता बघता मांडवाला इतक्या काकड्या धरल्या, की मामी शिवलेल्या कपड्यांच्या पिशवीत एकेक काकडी घालून द्यायला लागली. कुणी म्हणे, ही कशाला, तर म्हणायची, "असू दे, अस्तर समजा."

अडचण एकच होती. माश्यांना मामा चालत नव्हता.

मामा गॅरेजात गाड्यांना रंग मारतो. संध्याकाळी यायचा आणि हात धुवायला मागच्या नळाशी जायचा. नळ उघडला की दोन-तीन माश्या अंगावर. एकदा एकीने कानाची पाळीच धरली. कान वांग्यासारखा झाला.

"तू त्यांच्या घरात हात घालतेस, तुला काही नाही," मामा कान धरून म्हणाला. "मी त्यांचं काय घोडं मारलंय? उद्या एखाद्या गिऱ्हाइकाला चावल्या, तर? रविवारी धूर करतो आणि काढून टाकतो."

"करा की," मामी सुईत दोरा ओवत म्हणाली. "पुढच्या वर्षी ब्रश मात्र तुम्ही फिरवायचा. रोज सकाळी. फुलाफुलावरून."

मी त्या आठवड्यात तिथेच राहायला होतो. मामाच्या कपड्यांना थिनरचा असा वास यायचा, की माझं डोकं चढायचं. मी म्हटलं, "मामा, रविवारच्या आधी एकदा आंघोळ करून मागे जाऊन बघ."

"आता माश्यांसाठी आंघोळ," मामा म्हणाला. "हिच्यासाठी एवढी केली नव्हती."

"ते आम्हाला माहीत आहे," मामी म्हणाली.

आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून मामा नळाशी उभा राहिला. एकही माशी फिरकली नाही. तो बराच वेळ तिथेच होता. रविवारी धूर झाला नाही. उलट मामाने मागे स्टूल नेऊन ठेवलं. रोज आंघोळ करून, चहाचा कप घेऊन तो पोळ्यासमोर बसायला लागला. "पोरी कामावरून आल्या बरं का," असं आतल्या खोलीत मामीला सांगायचा.

मग दिवस पालटले आणि दुपारचं ऊन तिरकं होऊन थेट पोळ्यावर पडायला लागलं. माश्या पंख हलवून हलवून वारा घालायच्या. मामीला ते बघवेना. तिने लांबूनच अंदाजाने मापं घेतली आणि पोळ्यासाठी एक छप्पर शिवलं. दुहेरी कापड, कडा दुमडून टीप मारलेली, चार कोपऱ्यांना बंद. कापड गोणीतलं होतं, पिवळ्यावर लाल फुलांचं.

"ही खोटी फुलं बघून बिचाऱ्या दिवसभर हेलपाटे घालतील," मामा म्हणाला. "हिरवं पाहिजे."

"हिरवं नाहीये माझ्याकडे."

"माझ्याकडे आहे."

त्याने ते छप्पर गॅरेजात नेलं आणि कुठल्याशा गाडीचा उरलेला हिरवा रंग फवारायच्या गनने मारून आणला. इतका एकसारखा, की मामीनेही मान डोलवली. दिवेलागणीला दोघांनी मिळून ते मांडवाला बांधलं. मामा एकेक बंद आवळत होता, मामी खालून "हळू, हळू" म्हणत होती.

वास दोघांनाही आला नाही. मामाचं नाक त्या कामात कधीच गेलंय. आणि मामीला तो वास म्हणजे वासच वाटत नाही. तिच्या लेखी ती नवरा घरी आल्याची खूण आहे.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर सगळ्या माश्या एकदम उठल्या, मांडवावर एक गरगरता ढग झाला आणि शेजारच्या पत्र्यावरून निघून गेला. संध्याकाळी मामा आंघोळ करून, कप घेऊन मागे आला. काटकीवर नुसतं फिकट मेण होतं.

"मी धूर केला नाही," तो म्हणाला.

"नाही," मामी म्हणाली. "रंग दिलात."

रात्री कुणी फार जेवलं नाही. भांडी आवरताना मामीनेच विषय काढला. "ऊनही होतंच म्हणा. कंटाळल्या असतील. जायच्याच असतील." मामाने मान हलवली, पण दुसऱ्या दिवशी छप्पर सोडून गोणीत टाकलं ते त्यानेच, आणि स्टूलही आत आणलं.

चार-दोन दिवसांनी मामा मागून ओरडला, "अगं, आल्या."

मामी मशीन सोडून धावली. पोळ्यावर मोजक्या माश्या बसल्या होत्या. तिने अगदी जवळ जाऊन बघितलं. त्या मेण कुरतडत होत्या, गोळी करून पायांना चिकटवत होत्या आणि उडत होत्या.

"आल्या नाहीत हो," ती म्हणाली. "उसवतायत. जुनं उसवून तिकडे नवं शिवतायत."

"म्हणजे गेल्याच."

"गेल्या, पण लांब नाही. उसवलेला दोरा कुणी गावाबाहेर नेतं का?"

मामाने डोळ्यांवर हात धरून एकीच्या मागे नजर लावली. पत्र्यापर्यंत दिसली, पुढे उन्हात हरवली.

आता ती काटकी रिकामी आहे. मामाने रोजची आंघोळ सोडलेली नाही, आणि वेलावर पुन्हा फुलं आहेत. मामीने मशीनचा ब्रश साबणाने धुऊन वाळत ठेवलाय, वेळ आलीच तर. पण दुकानात येणाऱ्या प्रत्येक बाईला ती पाठमोरी उभी करते, टेप लावते, दोन टाचण्या दातांत धरून माप सांगते, आणि त्याच सुरात विचारते,

"खांदा साडेचौदा. हात वर करा. तुमच्याकडे मांडव आहे का हो? त्यात इतक्यात कुणी राहायला आलंय का?"