फिरोजाला तेल पाजणारा बाळाराम

नारपोलीत बाळाराम जॉबर सायकलवरून निघाला की आधी चमक यायची आणि मागून माणूस. बिघडलेले लूम, म्हणजे कापडाचे माग, दुरुस्त करणं हे त्याचं पोटापाण्याचं काम. खरा जीव स्वतःला नटवण्यात. गळ्यात साखळी, मनगटात कडं, दोन बोटांत अंगठ्या. नळावर बायका म्हणायच्या, "घरात बाई न्हाय, म्हणून सगळं सोनं यालाच अंगावर घ्यावं लागतंय." आणि खोटं कशाला सांगायचं, असं म्हणणाऱ्यांत त्याची सख्खी थोरली बहीण आक्काच पुढे असायची.

तर चौऱ्याहत्तर साली या पस्तिशीच्या घोड्याची सुपारी एकदाची फुटली. मुलगी राहनाळच्या केसरीनाथची, तुळजा. हिच्या जिभेला भिऊन दोन स्थळं चहा अर्धा टाकून पळाली, अशी वदंता. बाळारामला मात्र तिनं चहा देताना हळूच विचारलं होतं, "एवढं सगळं रोज घालता, का आज आमच्यासाठी उसनं आणलंय?" पळायचं सोडून हा गडी आठवडाभर एकटाच हसत होता. लूमचा धोटा अडकला तरी हसू.

लग्न म्हटल्यावर नवी अंगठी आलीच. बाजारपेठेतल्या दामूशेठ सराफानं त्याच्यापुढे खडे मांडले आणि सल्ला दिला, "तू लूमवरचा माणूस. अकीक घे. कणखर दगड, कशाला दाद देत न्हाय."

पण बाळारामची नजर निळ्या फिरोजावर बसली होती. लूम चालवणाऱ्या शकूरभाईनं त्याच्या डोक्यात भरवलं होतं, "फिरोजा पहनो, मियाँ. मुसीबत आनेवाली हो, तो पहले पत्थर रंग बदलता है." असा राखणदार बोटात असताना माणसाला भ्यायचं काय कारण?

"घेतोस तर ऐकून घे," दामूशेठ म्हणाला. "हा दगड पितो. घाम पितो, अत्तर पितो, साबण पितो, तेल तर विचारूच नको. कामावर काढून ठेवायचा. कोरड्या मऊ फडक्यानं पुसायचा."

"व्हय, व्हय," बाळाराम म्हणाला. तो आरशासमोर हात छातीवर ठेवला तर जास्त शोभतो की मिशीवर, याच्या विचारात होता.

आता या माणसाला आयुष्यानं एकच गोष्ट शिकवली होती: ज्याची काळजी घ्यायची, त्याला तेल द्यायचं. लूमला तेल, सायकलच्या चेनला तेल, डोक्याला तेल. मग अंगठीनंच काय घोडं मारलं? शिफ्ट सुटली की तो खिशातला तेलकट बोळा काढायचा आणि फिरोजा प्रेमानं चोळत बसायचा.

पंधरा-वीस दिवसांत आभाळासारखा दगड विहिरीतल्या शेवाळासारखा दिसू लागला. शकूरभाईनं बघून कानाला हात लावला. "कोई आफत है, मियाँ."

बाळाराम घाबरला. घाबरला म्हणून दगडाला जपू लागला, म्हणजे दुप्पट तेल. दगड आणखी हिरवा. आफत कुठली ते शोधायला त्यानं अंगठी लूमच्या मालकापुढे धरून पाहिली, शेजाऱ्याच्या दारापुढे धरली, म्हशीपुढेसुद्धा धरली. आक्काच्या पाठीमागे धरली तेव्हा ती वळून म्हणाली, "मेल्या, बघितली की अंगठी! किती वेळा दाखवशील?"

मग त्याच्या मनात आलं की आयुष्यात नवीन घडतंय ते एकच. लग्न. त्याला जेवण जाईना. आयुष्यात एक बाई मनापासून आवडली, आणि दगड म्हणतो हीच आफत! दोन दिवस तळमळून तो लग्न मोडायला राहनाळला निघाला.

दारात नवरदेव बघून केसरीनाथ चकित झाला. "जावईबापू, मुहूर्त पुढच्या सोमवारी हाय की!"

"मामा, जरा अडचण हाय," बाळाराम म्हणाला आणि खाटेवर बसला. तुळजा पाण्याचा तांब्या घेऊन आली ती तिथंच उभी राहिली. त्यानं सवयीनं खिशातला बोळा काढला आणि अंगठी चोळू लागला. चोळता चोळता सगळं सांगून टाकलं.

केसरीनाथचा चेहरा उतरला. तुळजाचा नाही. ती बोळ्याकडे बघत होती.

"यो बोळा कसला?"

"तेलाचा. लूमच्या."

"आणि रोज लावता?"

"दोनदा. जपायला नको?"

तुळजा मटकन खाली बसली. हसताना तांब्यातलं पाणी केसरीनाथच्या धोतरावर सांडलं. "अवो, पांढरं फडकं या तेलात बुडवा, तेपण रंग बदलंल! त्याच्यावर काय माझं नाव लिवलंय?"

बाळारामला त्याच क्षणी दामूशेठचा शब्दन् शब्द आठवला. त्याचे कान लाल झाले. "मंग... लगीन..."

"आता ते मी ठरवणार," ती हसू पुसत म्हणाली. "आफत म्हणालात ना मला? मंग हीच हिरवी अंगठी घालून मांडवात यायचं. कोण इचारंल त्याला खरं सांगायचं. एकालाबी खोटं बोललात, तर माळ घालणार न्हाय."

बाळाराम धावत दामूशेठकडे गेला. दामूशेठनं अंगठी न्याहाळली आणि परत त्याच्या हातात ठेवली. "प्यायलेलं बाहेर येत न्हाय, बाबा."

झालं. हळदीला सगळी नारपोली लोटली आणि आक्कानं जो भेटेल त्याला कोपरानं ढोसून सांगितलं, "नवरदेवाला अंगठीचं इचार." पहिल्या चार-पाच जणांना बाळारामनं मान खाली घालून सांगितलं. मग लोक हसतात हे बघून त्याला चव आली. दुपारपर्यंत त्या गोष्टीत मालक आला, म्हैस आली, म्हशीनं दगडाकडे बघून फिरवलेलं तोंडही आलं. शकूरभाई डोळे पुसत म्हणाला, "मैं तो सिर्फ पत्थर बोला था, तेल किसने बोला?"

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं सरली, अंतरपाट निघाला, तरी बाळाराम हातात माळ घेऊन भटजींना अंगठीची गोष्ट सांगत म्हशीपर्यंत पोचला होता.

तुळजानं मान पुढे केली. "पुरं आता," ती म्हणाली. "बाकीचं घरी सांगा."