बायकांच्या बाजूचा पडदा

भोरमध्ये किंवा वर वेल्ह्याच्या खोऱ्यात कुणाला भिंतीवर चित्र पाडून हवं असलं, की माणसं शाहिस्ता तांबोळीला बोलावतात. शाळेचं स्नेहसंमेलन असो, बचत गटाचं शिबिर असो, नाहीतर लग्नात नवरानवरीचे फोटो भिंतीएवढे करून दाखवायची हौस असो. टेम्पोतून उतरल्यावर दुसरा कुणीही आधी विजेचं बटण शोधेल. ही आधी विचारते, बाया कुठं बसणार आहेत? नवख्या माणसाला वाटतं, हिला स्वतःला बसायला जागा हवी आहे, आणि तो लगबगीनं खुर्ची आणायला जातो. खुर्चीला ती नाही म्हणत नाही. पण प्रश्नाचं उत्तर मिळेपर्यंत प्रोजेक्टरची पेटीही उघडत नाही.

ही सवय तिला २००६ साली चिरेवाडीत लागली. ती कशी लागली हे कळायचं तर आधी तिच्या वडिलांची ओळख हवी.

रफीकभाई तांबोळी जत्रांतून सिनेमा दाखवत हिंडणारे. सोळा एमएमचं अवजड मशीन, रिळांचे गोल डबे आणि खांद्यावर कापडाची गुंडाळी, एवढ्यावर त्यांनी तीस वर्षं काढली. कामथडीपासून पासलीपर्यंत त्यांना ओळखत नाही असं गाव नव्हतं. देवळापुढं दोन बांबू रोवायचे, मधे मांजरपाट ताणायचा आणि त्यावर बादलीभर पाणी मारायचं, म्हणजे चित्र कापडाच्या आरपार उमटतं. पुढच्या बाजूला मशीन आणि गडीमाणसं, कापडामागं बाया. हा नियम कुणी केला नव्हता आणि तीस वर्षांत कुणी मोडलाही नव्हता. मागून चित्र उलटं दिसतं हे खरं, पण मारामारी आणि रडारड उलटी दिसली म्हणून कुणाचं काही अडत नाही. झालं एवढंच, की त्या खोऱ्यातल्या दोन पिढ्यांच्या बायका सिनेमातला नायक डावखुरा असतो असंच धरून चालल्या. पुढं घरोघरी टीव्ही आला तेव्हा, हा मेला आता उजव्या हातानं कसा जेवायला लागला, असा प्रश्न त्यांनाच पडला होता.

रफीकभाईंचा धंद्याचा एक नियम मात्र त्यांनी स्वतः केलेला होता आणि तो ते लेकीला लहानपणापासून ऐकवत आले होते. आपण उजेड दाखवायचा. बोलायचं त्यानं, ज्याचा कार्यक्रम आहे. देवळापुढं दोन भावक्या हमरीतुमरीवर आल्या तरी ते मशीनपाशी गप्प उभे राहत. त्या गप्प राहण्यावरच आपल्याला गावोगाव जेवायला मिळालं, असं ते म्हणत, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

सीडीचा जमाना आला, सिनेमाचं मशीन माळ्यावर गेलं आणि रफीकभाई लाऊडस्पीकर भाड्यानं देण्यावर आले. तेव्हा शाहिस्तानं पुण्यातल्या एका बंद पडलेल्या क्लासमधून जुना डिजिटल प्रोजेक्टर आणला. जेवणाच्या डब्यापेक्षा थोडी मोठी पेटी. ना रीळ, ना घरघर. रफीकभाईंनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली आणि यातून चित्र येतं यावर आपला विश्वास नाही असं सांगून टाकलं. सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं. शाहिस्ता चोवीस वर्षांची, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, आणि बापासारखीच हट्टी. डिक्शनरी शेजारी घेऊन पंधरा दिवसांत तिनं ते पुस्तक संपवलं. पेटी तिरकी ठेवली की चित्र वर रुंद आणि खाली निमुळतं होतं, ते कुठल्या बटणानं सरळ करायचं. भिंतीपासून किती पावलांवर किती मोठं चित्र पडतं. दिवा बंद केल्यावरही आतला पंखा दोन-तीन मिनिटं फिरू द्यायचा, कारण गरम दिव्याची वीज एकदम तोडली तर तो जातो. हे सगळं तिनं एका वहीत मराठीत उतरवून काढलं. पहिल्याच कार्यक्रमात रफीकभाईंनी जुन्या सवयीनं, खेळ संपल्याबरोबर वायर उपटली, आणि आयुष्यात पहिल्यांदा लेकीची बोलणी खाल्ली. त्यानंतर पंखा थांबेपर्यंत ते प्लगवर हात ठेवून राखण करत उभे राहायचे.

चिरेवाडी ही वेल्ह्याच्या डोंगरातली भातशेतीची वाडी. खालच्या अंगाला तलावाचं काम निघालं होतं आणि वाडी उठणार होती. नवं गावठाण तीस-पस्तीस किलोमीटर खाली मिळायचं होतं. कुठलं घर कुठल्या प्लॉटवर जाणार, हे ठरवायला पुनर्वसनाचे साहेब यायचे होते. आधी कागदी नकाशावर दोनदा बैठक झाली होती, आणि दोन्ही वेळा नकाशाभोवती अशी झुंबड उडाली की तो फाटला. म्हणून या वेळी नकाशा मोठा करून पडद्यावर दाखवायचा ठरला. भोरहून शाहिस्ता, रफीकभाई, प्रोजेक्टर आणि जनरेटर असा लवाजमा टेम्पोतून निघाला.

बैठक दुपारची, शाळेच्या लांबट खोलीत. खिडक्यांवर घोंगड्या टांगून अंधार केला. साहेब एकच आणि माणसं दीडशे, तेव्हा पडदा कुठं लावायचा असा प्रश्न आला. रफीकभाईंना त्यात प्रश्नच दिसेना. त्यांनी जुना मांजरपाट काढला, खोलीच्या मधोमध ताणला, त्यावर पाणी मारलं आणि नेहमीसारखी गडीमाणसं अलीकडं, बाया पलीकडं बसवल्या. शाहिस्तानंही मान डोलावली. वाडीत तिच्या बापाला मान होता आणि तिला तो बघून बरं वाटत होतं.

बैठकीआधी चहा घेताना सगुणाबाई तिच्याजवळ येऊन बसली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, जमीन आता तिच्या नावावर. तिची थोरली वनिता दहावीत होती. तिला लहानपणी पोलिओ झालेला, एक पाय लुळा. आता तिला शाळेला जायला वाडीतून रस्त्यापर्यंत आईच पाठीवर घेऊन उतरवायची. नव्या गावात रस्त्याकडेचा पहिला प्लॉट मिळाला तर एसटी दारात थांबेल आणि पोर आपली आपण चढेल, एवढंच सगुणाबाईला हवं होतं. ती हे शाहिस्ताला तीनदा सांगून गेली, जसं काही प्लॉट वाटणं शाहिस्ताच्या हातात होतं.

साहेब आले. माणूस नेमस्त होता, पण दोन फसलेल्या बैठकांनी वैतागलेला. त्यांनी आधीच बजावलं, की वहीत नोंद होऊन सही किंवा अंगठा झाला की बदल होणार नाही. ज्या विधवा बायकांच्या नावावर जमीन आहे त्यांनी आधी निवडायचं. मग पडद्यावर नकाशा आला. काळ्या रेघा, बारीक इंग्रजी अक्षरं, दोन्ही कडांना सारख्याच दिसणाऱ्या जोडरेघा. साहेबांनी अलीकडून समजावलं, की डाव्या हाताला डांबरी रस्ता आहे आणि उजव्या हाताला ओढा. निवडणाऱ्या बाईनं आपल्या बाजूनं कापडावर बोट टेकवायचं. अलीकडून ते फुगलेलं दिसेल आणि आम्ही नंबर लिहून घेऊ. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली.

अंबूबाई उठली, तिनं बोट टेकवलं, नोंद झाली. मग फुलाबाई. दोघींनी ओढ्याकडच्या रांगेतले प्लॉट घेतले. पावसाळ्यात पाणी येणारी ती रांग, पण म्हशींना ओढा जवळ हवा असेल, असं म्हणून गडीमाणसं जराशी हसली. शाहिस्ता प्रोजेक्टरपाशी उभी होती. तिसरी सगुणाबाई. कापडाला टोक आलं ते अगदी उजव्या कडेला, ओढ्याला चिकटलेल्या पहिल्या प्लॉटवर.

साहेबांनी नंबर उच्चारला. कारकून वही आणि शाई घेऊन पलीकडं निघाला.

शाहिस्तानं त्या टोकाखालचा नंबर पुन्हा वाचला. रस्ता मागणारी बाई ओढा घेईलच कशी? आणि तिच्या डोळ्यांपुढं बायांचा तो डावखुरा नायक उभा राहिला. साहेब डावीकडं रस्ता म्हणाले, तो इकडच्या डावीकडं. पलीकडच्या बायांच्या डाव्या हाताला ओढा होता. अक्षरं उलटी दिसत होती, आकडेही उलटे, पण ती इंग्रजीच असणार असं समजून एकीनंही तोंड उघडलं नव्हतं. पंधरा दिवस खपून तिनं अख्खं पुस्तक वाचलं होतं. मागून बघण्यासाठी चित्र उलटवायचं बटण कुठलं, तेही तिच्या वहीत लिहिलेलं होतं.

तिनं लेन्सवर झाकण लावलं. खोलीत मिट्ट अंधार झाला.

"साहेब, अंगठा घेऊ नका," ती म्हणाली.

रफीकभाईंनी अंधारातच तिचं मनगट धरलं. आपलं काम न्हाई ते, गप ऱ्हा, असं ते दबक्या आवाजात म्हणाले. तिला त्यांचं भय होतं आणि त्याहून जास्त त्यांच्या नावाचं होतं. तीस वर्षांत या माणसानं एका कार्यक्रमात शब्द काढला नव्हता. तिनं हात सोडवून घेतला आणि झाकण काढलं. मग साहेबांना म्हणाली, की दोन मिनिटं पलीकडं येऊन बघा.

साहेब म्हणाले की नकाशा त्यांच्या ऑफिसातून तपासून आलेला आहे. ती म्हणाली, नकाशा बरोबरच आहे, तुम्ही फक्त इकडून बघा. मग गावचा म्हातारा गेनबा काठी टेकत उठला आणि काय हाय ते बघू तरी म्हणत कापडाच्या कडेनं पलीकडं गेला, तेव्हा साहेबांनाही जावंच लागलं. ते पलीकडं उभे राहिले. त्यांनी पहिली ओळ वाचायचा प्रयत्न केला, मग आपल्या डाव्या हाताला बघितलं, तर तिथं ओढा होता.

"बायांना पुढच्या बाजूला बोलवा," ते म्हणाले. पण बाया हलेनात. अलीकडं उभं राहायला जागाही नव्हती.

"कुणी उठू नका," शाहिस्ता म्हणाली. "मी चित्रच फिरवते."

तिनं दोनदा बटण दाबलं आणि नकाशा कापडावर कूस बदलून झोपल्यासारखा उलटला. आता गडीमाणसांकडं कुरकुर सुरू झाली, की अक्षरं उलटी दिसतात. अर्धा तास तुम्ही डावखुरे व्हा, तुमच्या घरच्या तीस वर्षं झाल्यात, असं तिनं सरळ सांगितलं, आणि पलीकडून बायांचं हसू आलं.

कारकून वही घेऊन पलीकडं बसला. सगुणाबाईनं पुन्हा डाव्या कडेला बोट टेकवलं, आणि या वेळी तिथं रस्ता होता. अंगठा उठला. शाहिस्ता एवढ्यावर थांबली असती तरी कुणी नावं ठेवली नसती. पण अंबूबाई आणि फुलाबाईच्या नोंदी झालेल्या होत्या आणि बदल नाही असं साहेब सगळ्यांसमोर बोलून बसले होते. ती पलीकडं गेली आणि म्हणाली, या दोघींना पुन्हा विचारा. साहेबांनी कपाळाला हात लावला. खाडाखोड केली तर कारण लिहावं लागतं, ते म्हणाले. मग त्यांनाच सुचलं, की यंत्रातला बिघाड असं लिहू.

"यंत्र चांगलं हाय," शाहिस्ता म्हणाली. "पडदा लावणारीची चूक झाली, असं लिहा. मी सही करते."

तिनं खाली बसून सही केली, पूर्ण नाव, शाहिस्ता रफीक तांबोळी. अंबूबाई लगेच रस्त्याच्या रांगेत आली. फुलाबाईला विचारलं तर तिला खरोखरच म्हशींसाठी ओढा हवा होता, पण तोही तिनं कापडावर पुन्हा बोट टेकवूनच सांगितला.

बायांचं झाल्यावर तिनं चित्र परत सरळ केलं आणि गडीमाणसांची निवड सुरू झाली. काम चांगलं रेटून चाललं. मधेच तिच्या लक्षात आलं, की अब्बा जनरेटरपाशी नाहीत. प्लगपाशीही नाहीत. तिनं कापडाच्या कडेनं डोकावलं.

रफीकभाई पलीकडं होते. बाया उठून गेल्यामुळं रिकाम्या झालेल्या सतरंजीवर मांडी घालून बसले होते आणि मान वर करून आपल्याच मांजरपाटाकडं बघत होते. उलट्या अक्षरांवरून त्यांची नजर हळूहळू फिरत होती. शाहिस्ता जवळ गेली. रागावले असतील तर काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं, पण ते रागावलेले नव्हते. तिच्याकडं न बघताच बोलले.

"तीस वर्सं दाखवलं बेटा. हिकडनं कसं दिसतंय ते म्या कदी बसून बघितलंच न्हाई."

पुढच्या वर्षी नव्या गावात महिला मंडळाचा कार्यक्रम होता, तेव्हा बापलेक पुन्हा तिकडं गेले. टेम्पो फाट्यावर वळला तर रस्त्याकडेच्या पहिल्या घरापुढं एसटी थांबलेली होती आणि एक मुलगी दांडा धरून, एकेक पायरी करत वर चढत होती. दारात सगुणाबाई हात बांधून उभी होती, मदतीला जायचं नाही असं ठरवल्यासारखी. मुलगी आत शिरली, कंडक्टरनं घंटी मारली. रफीकभाईंनी एसटी दिसेनाशी होईपर्यंत टेम्पो थांबवून ठेवला. मग कार्यक्रमाच्या जागी पोचल्यावर खाली उतरले आणि मंडळाच्या बायकांना, शाहिस्तानं तोंड उघडायच्या आधी, त्यांनीच विचारलं, "तुमी कुठं बसणार?"